तहकुबीवर सही कोणाची?

'साताऱ्यात' हा शब्द संगणकावर दोन प्रकारांनी लिहिता येतो आणि वाचणाऱ्याच्या डोळ्यांना ते दोन्ही प्रकार अगदी सारखे दिसतात. त्यातला पापणीसारखा वाकलेला अर्धा 'र' एका पद्धतीत नुक्ता असलेला 'ऱ', हलन्त आणि 'य' अशा क्रमाने साठवला जातो. दुसऱ्या पद्धतीत साधा 'र', हलन्त, मग झीरो विड्थ जॉइनर नावाचे एक अदृश्य चिन्ह आणि त्यानंतर 'य' असा क्रम असतो. संगणकावर अक्षरे साठवण्याचे जे युनिकोड नावाचे जागतिक प्रमाण आहे, त्यात पहिली पद्धत मुख्य असून दुसरी त्याच्याच जुन्या आवृत्तीशी सुसंगती राहावी म्हणून चालू ठेवली आहे. माणसाला एकच वाटणारी ही दोन रूपे यंत्राच्या लेखी पूर्णपणे वेगळी आहेत, आणि युनिकोडचे ठरावीक सामान्यीकरण करूनही ती एक होत नाहीत. शुद्धलेखन तपासणाऱ्या शब्दसंग्रहात एक रूप असले आणि लिहिणाऱ्याच्या कळफलकातून दुसरे उमटले, की बरोबर लिहिलेल्या शब्दाखाली लाल रेघ येते.

साताऱ्यात बसून सांभाळल्या जाणाऱ्या शब्दसंग्रहाला 'साताऱ्यात' हाच शब्द चुकीचा वाटावा, हे ऐकायला गमतीचे आहे. पण लाल रेघ तिथेच थांबत नव्हती. कऱ्हाड, शेतकऱ्यांचा, दऱ्याखोऱ्या, गुऱ्हाळ असे या भागात रोज लागणारे शब्द तिच्या कचाट्यात सापडत होते. रेघेला कंटाळून काही जण अर्ध्या 'र'ऐवजी सरळ रफार देऊन मोकळे होत आणि मग 'आचाऱ्यांना' दिलेले जेवणाचे पैसे कागदावर 'आचार्यांना' पोचत.

हा शब्दसंग्रह सांभाळणारा आमचा गट लहान आणि पूर्णपणे हौशी आहे. पगार कोणालाच नाही. दिवसा कोणी एमआयडीसीत असतो, कोणी शाळेत शिकवतो, कोणी बँकेत बसतो. वादाचे प्रश्न सोडवण्यासाठी सात जणांची एक निर्णय समिती आहे आणि ती महिन्यातल्या एका रविवारी रात्री नऊ वाजता ऑनलाइन भरते. अर्ध्या 'र'चा प्रश्न या समितीपुढे कऱ्हाडकडच्या एका विद्यार्थिनीने आणला. नुसती तक्रार करून ती थांबली नव्हती. दोन्ही रूपे ओळखून त्यांचे एकाच रूपात परिवर्तन करणारी, आणि गरज पडल्यास ते उलट फिरवणारी, छोटीशी स्क्रिप्ट, म्हणजे लहानसा प्रोग्राम, तिने लिहिला होता. कोणकोणत्या शब्दांवर परिणाम होईल याची यादीही जोडली होती. समितीचा निर्णय व्हायला 14 महिने लागले. हा लेख लिहिण्यापूर्वी मी त्या काळातली सगळी इतिवृत्ते पुन्हा वाचली. विषय ज्या ज्या बैठकीत निघाला, तिथे जवळजवळ एकच वाक्य आहे: 'विषयावर सविस्तर चर्चा झाली. निर्णय पुढील बैठकीत घ्यावा असे ठरले.'

या वाक्यात कर्ता नाही. 'ठरले', पण कोणी ठरवले, हे विचारण्याची सोयच मराठी व्याकरणाने ठेवलेली नाही, आणि त्याचा फायदा आपल्याकडच्या सोसायट्यांपासून साखर कारखान्यांपर्यंत सर्वांनी पिढ्यान्पिढ्या घेतला आहे. माझे म्हणणे इतकेच आहे की तहकुबी हा निर्णयच असतो. तो जे चालू आहे त्याच्या बाजूने आणि बदल मागणाऱ्याच्या विरुद्ध दिलेला असतो, फक्त त्यावर सही नसते. स्वयंसेवकांच्या प्रकल्पातली संथ समिती सुधारायची असेल, तर सदस्य वाढवणे, अधिकार वाढवणे किंवा बैठका वाढवणे हे उपाय दुय्यम आहेत. आधी तहकुबीला कर्ता द्यावा लागेल.

समिती संथ असते ती आळसामुळे, असे बाहेरच्यांना वाटते. माझा अनुभव तसा नाही. आमच्या सातही जणांना प्रश्न समजला होता. आमच्यातले सर्वांत ज्येष्ठ, ज्यांना सगळे 'सर' म्हणतात, त्यांनी या संग्रहातले सुरुवातीचे हजारो शब्द स्वतः टंकले होते. त्या काळच्या त्यांच्या कळफलकातून जॉइनरचेच रूप येत असल्यामुळे संग्रहही त्याच रूपात वाढला. लोकांनी आपापल्या संगणकावर जमवलेले खासगी शब्दकोश या बदलाने निकामी होतील का, ही त्यांची शंका रास्त होती आणि तिचे उत्तर एका संध्याकाळच्या चाचणीत मिळण्यासारखे होते. तिसऱ्या की चौथ्या बैठकीत अध्यक्षांनी त्यांना विचारले, "सर, तुमची हरकत आहे का?" सर म्हणाले, "हरकत अशी नाही हो, पण घाई काय आहे?" त्यावर कोणी काही बोलले नाही, कारण घाई खरेच नव्हती, निदान त्या बैठकीत बसलेल्या सात जणांपैकी कोणालाही नव्हती.

तोंडावर 'नाही' म्हणणे आपल्याकडे वाईट दिसते. 'बघू', 'करू की', 'जरा दमाने घेऊ' ही उत्तरे सभ्य मानली जातात, आणि जिथे उद्या पुन्हा त्याच माणसांबरोबर फुकट काम करायचे आहे तिथे तर ती फारच सोयीची असतात. नकार दिला तर एक माणूस दुखावतो. होकार दिला आणि काही बिघडले तर ते आपल्या अंगावर येते. विषय पुढे ढकलला तर काहीच होत नाही. अशा हिशेबात शहाणी माणसे प्रत्येक वेळी तिसरा मार्ग घेतात, आणि तसे करण्यात त्यांचा वैयक्तिक दोष फारसा नसतो. दोष आहे तो तिसऱ्या मार्गावर कोणताच टोलनाका नसण्याचा.

किंमत पडत नाही असे मात्र नाही. ती समितीबाहेरच्या माणसाला पडते. स्वयंसेवकाचा उत्साह नाशवंत असतो. आमच्या त्या विद्यार्थिनीने पहिले चार महिने दर बैठकीनंतर विचारणा केली, मग दोन महिन्यांनी एकदा केली, मग तिचे शिक्षण संपले, पुण्यात नोकरी लागली आणि विचारणा थांबली. निर्णय अखेर तिच्या बाजूने झाला, तेव्हा आम्ही तिला कळवले. तिने अभिनंदन करणारे चार शब्द पाठवले आणि त्यानंतर ती आमच्याकडे फिरकली नाही. दरम्यान संग्रहाच्या फाइलची रचना बदलली होती, त्यामुळे तिची स्क्रिप्ट दुसऱ्या कोणाला तरी जवळजवळ नव्याने लिहावी लागली. 14 महिन्यांत आम्ही प्रत्यक्ष विचार किती केला, याचा मी प्रामाणिक अंदाज घेतला तर तो सगळा मिळून दोन-तीन तासांच्या वर जात नाही. बाकीचा सगळा काळ वाट पाहण्यात गेला, आणि वाट कशाची पाहत होतो हे कोणालाच सांगता आले नसते.

हे दुखणे आमच्यासारख्या लहान गटापुरते नाही. लिनक्सवर चालणारी मुक्त संगणकप्रणाली बनवणारा डेबियन हा जगातल्या सर्वांत जुन्या आणि मोठ्या स्वयंसेवी सॉफ्टवेअर प्रकल्पांपैकी एक आहे. इयान मर्डॉक यांनी 1993 च्या ऑगस्टमध्ये तो सुरू केला, आणि डिसेंबर 1998 मध्ये प्रकल्पाने स्वतःची लिखित घटना स्वीकारली. या घटनेत तंत्र समिती आहे. तिचे सदस्य जास्तीत जास्त आठ. पॅकेज, म्हणजे प्रणालीतला एखादा प्रोग्राम, सांभाळणाऱ्या विकसकाचा निर्णय फिरवायचा असेल तर समितीत तीनास एक असे बहुमत लागते. सहमतीचे प्रयत्न करून थकल्यानंतरच, शेवटचा उपाय म्हणून तिने निर्णय द्यायचा. नवीन रचना स्वतः आखायची नाही, पुढे आलेल्या पर्यायांतून निवड करायची. त्याच घटनेत आरंभीच असेही लिहिले आहे की या घटनेमुळे कोणावरही प्रकल्पासाठी काम करण्याचे बंधन येत नाही. म्हणजे समिती फार तर एखाद्याला थांबवू शकते. कोणाकडून काम करवून घेऊ शकत नाही. तंटा सोडवायला न्यायाधीश नेमावा आणि त्याच्या हाताखाली एकही बेलीफ देऊ नये, तशी ही व्यवस्था आहे, आणि स्वयंसेवकांच्या राज्यात ती याहून वेगळी असूही शकत नाही.

मग अशी समिती हवीच कशाला, असे विचारणारे भेटतात. जो काम करतो त्याने ठरवावे, हा या क्षेत्रातला लाडका सिद्धान्त आहे. तो बहुतेक वेळा बरोबरही असतो; पण दोघे काम करणारे एकाच गोष्टीवर हक्क सांगतात तेव्हा तो मुका होतो. डेबियनमधले 'नोड'चे प्रकरण पाहा. हौशी रेडिओ चालवणाऱ्यांचा 'नोड' नावाचा एक जुना प्रोग्राम डेबियनमध्ये होता, आणि जावास्क्रिप्ट चालवणारे नोड.जेएस हे नवे, झपाट्याने वाढणारे सॉफ्टवेअर त्याच नावाची आज्ञा मागत होते. एका संगणकावर एका नावाची आज्ञा एकच असू शकते. दोन्ही बाजूंचे लोक आपापले काम नेकीने करत होते आणि दोघांपैकी कोणीही मागे हटायला तयार नव्हता, तेव्हा प्रश्न तंत्र समितीकडे गेला. 2012 मध्ये समितीने नोड.जेएसच्या आज्ञेचे नाव 'नोडजेएस' असावे असा निर्णय दिला. निर्णय सर्वांना आवडला असे नाही, पण भांडणाऱ्या दोघांपैकी एकालाच स्वतःच्या खटल्याचा न्यायाधीश करण्यापेक्षा तो नक्कीच बरा होता.

सगळा कारभार एका शहाण्या माणसाकडे सोपवावा, ही दुसरी सूचना असते. पायथन या प्रोग्रामिंग भाषेचा प्रकल्प अशाच रीतीने खूप वर्षे चालला. मग 2018 च्या जुलैमध्ये, एका वादग्रस्त प्रस्तावावरच्या भांडणाला कंटाळून, त्या भाषेचे जनक गिडो व्हॅन रॉसम यांनी अखेरचा शब्द देण्याची जबाबदारी सोडली आणि त्या डिसेंबरात प्रकल्पाने पाच जणांच्या निवडून दिलेल्या मंडळाची रचना मान्य केली. एकाच मालकाकडे नोकरी करणारे दोनांपेक्षा अधिक सदस्य त्या मंडळात नसावेत, अशी अटही घातली. शहाणा माणूसही थकतो, हे सांगायला याहून जास्त पुरावा लागू नये.

डेबियनकडे परत येतो, कारण सुधारणेचा मुद्दा तिथेच अधिक स्पष्ट दिसतो. संगणक सुरू होताना सर्व सेवा कोणत्या व्यवस्थेने चालू कराव्यात, हा वाद 2013 च्या ऑक्टोबरमध्ये तंत्र समितीपुढे आला आणि 2014 च्या फेब्रुवारीत निकाली निघाला. सिस्टमडी आणि अपस्टार्ट या दोन पर्यायांत आठ सदस्यांची मते चार-चार अशी विभागली आणि अध्यक्षांच्या निर्णायक मताने सिस्टमडीची निवड झाली. इतक्या मोठ्या प्रश्नाला चार महिनेही लागले नाहीत, हे मी मुद्दाम नोंदवतो. संथपणाचे खापर प्रश्नाच्या आकारावर फोडता येत नाही. आमचा अर्धा 'र' त्याच्या तिपटीहून अधिक काळ रखडला. मात्र वेगाने सगळे भागते असेही नाही. वादाची धग वर्षभर राहिली आणि त्याच वर्षाच्या नोव्हेंबरात समितीच्या तीन सदस्यांनी राजीनामे दिले.

त्यानंतर डेबियनने दोन सुधारणा केल्या, आणि त्यांचा क्रम मला बोलका वाटतो. पहिली सुधारणा माणसांची होती. 2014 च्या अखेरीस सर्वसाधारण ठराव, म्हणजे सर्व विकसकांच्या मतदानाने होणारा ठराव, होऊन तंत्र समितीच्या सदस्यत्वाला मुदत आली: साडेतीन वर्षांहून अधिक काळ काढलेल्यांपैकी सर्वांत ज्येष्ठ असे जास्तीत जास्त दोघे दरवर्षाच्या शेवटी पायउतार होतात. तोपर्यंत सदस्यत्व एका अर्थाने तहहयात होते. ही सुधारणा चांगलीच होती. जुनी माणसे अपमान न होता बाजूला होतात आणि नव्यांना वाट मिळते, हे आपल्याकडच्या अनेक संचालक मंडळांना अजून जमलेले नाही. पण नवा सदस्यही जुन्याच हिशेबाच्या खुर्चीत बसतो, आणि पुढे ढकलणे फुकट असेल तर वर्षभरात तोही पुढे ढकलू लागतो.

दुसरी सुधारणा काळाची होती आणि ती यायला 2022 चा जानेवारी उजाडला. सर्वसाधारण ठरावावरच्या चर्चेला किमान दोन आठवडे आणि कमाल तीन आठवडे अशी निश्चित चौकट घातली गेली. मुदत संपली की मतदान आपोआप लागते, त्यासाठी कोणाची मर्जी राखावी लागत नाही. त्याच ठरावाने एक छोटासा, सहज नजरेतून सुटणारा बदल केला. तोवर डेबियनच्या ठरावांच्या मतपत्रिकेवर शेवटचा पर्याय 'आणखी चर्चा' असा असे. तो आता 'वरीलपैकी एकही नाही' असा झाला. तहकुबीचे नाव बदलून तिला नकार म्हटले गेले. ज्याला प्रस्ताव नको आहे त्याने तो नको असे म्हणावे, चर्चेच्या आडोशाला उभे राहू नये, हा त्यामागचा अर्थ मी लावतो, आणि या सगळ्या इतिहासात मला सर्वांत जास्त शिकवून गेलेली गोष्ट हीच आहे.

याविरुद्ध जे म्हटले जाते त्यातले काही गंभीरपणे घेण्यासारखे आहे. संथपणा म्हणजे सावधपणा, उतावळेपणाने केलेल्या बदलांपासून तो वाचवतो, असे म्हणणारे अगदीच चूक नाहीत. डेबियनच्याच तंत्र समितीने 2021 मध्ये ठरवले की 'बुकवर्म' या पुढच्या आवृत्तीपासून फायलींच्या मांडणीत अगदी वरच्या पातळीवर असलेल्या काही निर्देशिका (फोल्डर) आणि 'यूएसआर' या निर्देशिकेतल्या त्याच नावांच्या निर्देशिका एकत्र केलेली मांडणीच चालेल. दिशा ठरली, पण वाटेतली तांत्रिक अडचण सुटली नव्हती. म्हणून फायली प्रत्यक्ष हलवण्यावर समितीला त्याच वर्षी बंदी घालावी लागली आणि ती 2023 मध्ये उठली. निर्णय घेणे आणि तो अमलात येण्याजोगा असणे यांत अंतर असते, आणि ते भरून काढायला वेळ लागतोच. पण त्या दोन वर्षांत कशाची वाट पाहिली जात आहे, हे लिहिलेले होते. लिहून ठेवलेल्या कारणासाठी थांबणे आणि कारणच नसताना थांबणे या दोन्हींना आपण 'विलंब' म्हणतो, हा शब्दांचा तुटवडा आहे.

दुसरा आक्षेप असा की मुदत घातली तर एकमत होणार नाही. एकमताची ही ओढ आपल्याकडे फार आहे, आणि इंटरनेटचे नियम बनवणाऱ्या आयईटीएफ या संस्थेने त्यावर जो विचार केला आहे तो उपयोगी पडतो. 1992 मध्ये डेव्हिड क्लार्क यांनी तिथे म्हटले होते की आम्ही राजे, अध्यक्ष आणि मतदान नाकारतो. आमचा विश्वास ढोबळ सहमतीवर आणि चालत्या कोडवर आहे. ढोबळ सहमती म्हणजे काय, हे त्या संस्थेने 2014 च्या एका टिपणात उलगडले आहे. प्रत्येक हरकतीचा खरोखर विचार झाला पाहिजे आणि तिला उत्तर मिळाले पाहिजे; ती मान्यच झाली पाहिजे असे नाही. आमच्या सरांच्या शंकेला उत्तर देणे आमचे कर्तव्य होते. त्यांचे समाधान होईपर्यंत थांबणे हे कर्तव्य नव्हते. आणि खरे सांगायचे तर आम्ही त्यांना उत्तरही दिले नाही, नुसतेच थांबलो.

'मौन म्हणजे संमती' हा तिसरा, उलट्या टोकाचा उपाय काही प्रकल्पांत चालतो. अपाची या मुक्त सॉफ्टवेअर संस्थेच्या प्रकल्पांत प्रस्ताव मांडून साधारण 72 तास वाट पाहायची आणि कोणी हरकत घेतली नाही तर पुढे जायचे, अशी पद्धत रूढ आहे. रस्ट या प्रोग्रामिंग भाषेच्या प्रकल्पात अंतिम अभिप्रायासाठी दहा दिवस ठेवतात. ही पद्धत मला आवडते, पण इथे जशीच्या तशी आणायला मी तयार नाही. 2019 च्या ऑगस्टमध्ये कृष्णेचे पाणी सांगलीत शिरले तेव्हा आमचे सांगलीचे दोन्ही सदस्य कित्येक दिवस संगणकापर्यंत पोचूच शकले नाहीत. त्या आठवड्यातल्या त्यांच्या मौनाला संमती मानणे हा अन्याय झाला असता. मौनाला अर्थ द्यायचा असेल तर मौन तोडण्याची सोपी वाटही ठेवावी लागते: कोणाही सदस्याने 'मला वेळ हवा' असे एकदा, आपल्या नावाने, कारण आणि तारखेसह म्हणावे, आणि मुदत वाढावी. दुसऱ्यांदा मात्र वाढू नये.

आता मुदत संपल्यावर काय व्हावे, हा खरा कळीचा प्रश्न आहे, आणि इथे सर्व प्रश्नांना एकच माप लावणे चूक ठरेल. जो बदल उलट फिरवता येतो, तो मुदत संपताच लागू व्हावा. जो फिरवता येत नाही, तो स्पष्ट होकाराशिवाय कधीही लागू होऊ नये. अर्ध्या 'र'चा बदल एका आज्ञेत उलट फिरला असता, ती सोय त्या मुलीने स्वतःच करून ठेवली होती. तरी आम्ही तो दगडावर कोरायचा लेख असल्यासारखा हाताळला. याउलट, संग्रहाचा परवाना बदलावा अशी सूचना एकदा आली होती. त्यासाठी आजवर शब्द पुरवणाऱ्या प्रत्येकाची परवानगी लागते आणि एकदा मुक्तपणे वाटलेली प्रत परत मागता येत नाही, म्हणजे तिथे खरोखरच दमाने घ्यायला हवे होते. पण तो विषय उत्साहाच्या भरात एकाच बैठकीत मंजूर होता होता राहिला. समितीला वेग नव्हता असे नाही. कुठे वेग हवा आणि कुठे नको, याची तिला कल्पना नव्हती.

त्याआधीची पायरी म्हणजे समितीपर्यंत काय यावे. 1939 मध्ये औंध संस्थानात राजे भवानराव पंतप्रतिनिधी यांनी आपले अधिकार आपण होऊन प्रजेकडे सोपवणारी राज्यघटना आणली. तिच्यामागे राजांचे पुत्र अप्पासाहेब पंत आणि पोलिश अभियंता मॉरिस फ्रीडमन यांची मेहनत आणि गांधीजींचा सल्ला होता. औंध, आटपाडी, कुंडल असा तो विखुरलेला मुलूख आज मुख्यतः सातारा आणि सांगली या दोन जिल्ह्यांत येतो. त्या रचनेचा पाया गावाने निवडलेल्या पाच जणांच्या पंचायतीचा होता, आणि गावात सुटण्यासारखे प्रश्न गावातच सुटावेत, वर जाऊ नयेत, हा तिचा रोख होता. सॉफ्टवेअर प्रकल्पाला संस्थानाची उपमा ताणून लावण्यात अर्थ नाही. तरीही एवढे त्यातून घेता येते की वरच्या मंडळाची पहिली जबाबदारी आपल्याकडे आलेले काम खाली परत पाठवण्याची असते. दोघा स्वयंसेवकांना तिसऱ्याने अर्धा तास एकत्र बसवले तर मिटेल असा वाद समितीच्या विषयपत्रिकेवर आला, की दोघेही वकिलासारखे बोलू लागतात आणि मग माघार घेणे हरण्यासारखे वाटते. आमच्याकडे आलेल्या प्रश्नांपैकी निम्म्यांना तरी समितीची गरज नव्हती, असे मला आता वाटते.

आणि जे प्रश्न वर येतील, त्यांतल्या प्रत्येकाला समितीतला एक वाहक असावा. सात जणांचा प्रश्न कोणाचाच नसतो. भिजत घोंगडे कोणाच्या दारात वाळत घालायचे हे ठरलेले नसले की ते भिजतच राहते. वाहकाने निर्णय घ्यायचा नाही. प्रश्न 'हो' किंवा 'नाही' असे उत्तर देता येईल अशा शब्दांत मांडायचा, दोन्ही बाजूंना आपले म्हणणे त्यात नीट आले आहे का हे विचारायचे आणि ठरल्या तारखेला तो मतदानाला ठेवायचा, एवढेच त्याचे काम. ज्याने समितीकडे प्रश्न आणला त्याला कोणाला फोन करायचा हे निदान माहीत असते. आमच्या विद्यार्थिनीला ते कधीच माहीत नव्हते. तिचे प्रत्येक पत्र 'समितीस' असे जाई आणि समितीने ते वाचलेले असे.

गेल्या वर्षी, बरीच घासाघीस होऊन, आम्ही हे नियम एका वर्षासाठी वापरून पाहायचे ठरवले. म्हणजे, ठराव मी मांडला आणि चार विरुद्ध दोन मतांनी तो मंजूर झाला, एक जण गैरहजर होता. पहिलाच विषय पुन्हा अक्षराचा निघाला. 'ॲप', 'ॲसिड' यांतला 'ॲ' युनिकोडमध्ये 2008 साली स्वतंत्र अक्षर म्हणून आला. त्याआधीचा मजकूर 'अ'वर चंद्र देऊन लिहिलेला आहे, आणि लाल रेघेचा खेळ इथेही तोच आहे. तीन आठवड्यांची मुदत पडली. ती संपायच्या आदल्या दिवशी सरांनी वेळ मागितला, आणि इतिवृत्तात पहिल्यांदाच असे वाक्य आले की ज्याला कर्ता होता: 'सरांनी आपल्या नावाने बारा दिवसांची मुदतवाढ घेतली आहे, जुन्या फॉन्टवर नवे अक्षर दिसते का, हे ते स्वतः तपासणार आहेत.' त्याखाली त्यांचे पूर्ण नाव आणि तारीख होती.

अकराव्या दिवशी सरांचे टिपण आले. त्यांनी घरातल्या तीन आणि शाळेतल्या दोन संगणकांवर चाचणी घेतली होती. त्यातल्या एका जुन्या यंत्रावर नव्या 'ॲ'च्या जागी रिकामा चौकोन उमटत होता, त्याचे छायाचित्रही जोडले होते. एका आवृत्तीपुरती दोन्ही रूपे संग्रहात ठेवावीत आणि पुढच्या आवृत्तीत जुने काढावे, अशी त्यांची शिफारस होती. बाराव्या दिवशी मतदान झाले. शाळेतला तो जुना संगणक अजून चालू आहे का, हे पुढच्या आवृत्तीच्या आधी पाहायला हवे. ते काम सरांनी आपल्याच नावावर टाकून घेतले आहे.